वजाबाकी सर

आमच्या बोनकोड्यात माणसं गळ्यातल्या चेनच्या जाडीवरून ओळखली जातात. सर ओळखले जायचे ते वजाबाकीवरून. समोर आलेल्या प्रत्येक गोष्टीतून काहीतरी वजा केल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. एकदा गावातल्या एका बिल्डरने नवी गाडी आणली आणि मोठ्या कौतुकाने सरांना दाखवली. सरांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, खिशातून पेन काढलं आणि अडीच मिनिटांत त्या माणसाला पटवून दिलं की गाडी दारात नुसती उभी राहिली तरी तासाला एक मिसळपाव खाते. त्या बिल्डरने पुढचे चार महिने गाडी झाकून ठेवली म्हणतात. मी त्यात थोडं मीठ टाकत असेन, पण चार महिने नसतील तर तीन नक्की.

सर मूळचे साताऱ्याकडचे. तुर्भ्याला एका रसायनाच्या कारखान्यात ते कॉस्टिंग बघायचे, म्हणजे कुठला माल बनवायला किती पडतो आणि कुठला बनवण्यात अर्थ नाही हे साहेबांना सांगायचे. संध्याकाळी जुईनगरला एका मिठाईच्या दुकानावरच्या माळ्यावर बी.कॉम.च्या पोरांना तेच शिकवायचे. खालून जिलेबीचा वास आणि वरून सीमान्त परिव्यय, अशा अवस्थेत मी त्या विषयात दोनदा नापास झाले. दुसऱ्या वेळी सर म्हणाले, "म्हात्रे, तुमचं उत्तर बरोबर असतं. फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचं असतं." तिसऱ्या वेळी मी पास झाले. पेपर तपासणाऱ्याच्या घरी त्या दिवशी काहीतरी शुभकार्य असणार.

त्यांना कोरा कागद विकत घेणं मान्य नव्हतं. सगळे हिशेब लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजूला. आणि पत्रिकांची आमच्याकडे ददात नाही. एकेका पत्रिकेवर दोनशे नावं, चाळीस फोटो, आणि कागद इतका जाड की त्यावर मासे कापता येतील. माझा मोठा भाऊ बाळादादा, त्याच्या मुलाच्या हळदीला सर आले होते. दीड हजार माणूस, आकाश फाडणारा डीजे. सगळा गाव नाचत होता आणि सर एका कोपऱ्यात पत्रिका उलटी करून लिहीत होते. मी विचारलं तर म्हणाले, "मांडव आणि तो आवाज ठरलेला खर्च. माणसं दोनशे येवोत की दोन हजार, तो हलत नाही. मटण मात्र माणशी चढतं. तुमच्या दादांनी मांडवात काटकसर केली आणि आमंत्रणात उधळले. उलटं करायला हवं होतं." हे त्यांनी दादालाही सांगितलं. दादा तेव्हा मुलाला खांद्यावर घेऊन नाचत होता, म्हणून सर वाचले.

सर निवृत्त झाले, त्यांच्या पत्नी गेल्या, आणि ते आमच्याच गल्लीत एका खोलीत भाड्याने राहायला आले. तोवर मी आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात खानावळ काढली होती. मी, माझी आई, दोन वाढपी, सोळा खुर्च्या. आई दिवाळे गावच्या बंदरावरून मासळी आणायची आणि तांदळाच्या भाकऱ्या थापायची. आमच्याकडे ताटात दोन भाकऱ्या, आणि तिसरी न विचारता. तिसरी भाकरी नको म्हणणाऱ्याला आई असं बघते की तो चौथीही खातो.

पहिल्याच दिवशी सरांनी जेवण संपवून बिल वाचलं. माणसं बिल बघतात, सर वाचायचे. मग मला हाक मारली. "म्हात्रे, तिसरी भाकरी यात नाही."

आई आतून म्हणाली, "ती मोजत नाय आमी."

"का?"

"भाकर काय मोजाची वस्तू हाय काय, सर? मानूस पोटभर जेवला का नाय, ते बगाचं."

सरांनी बिल घडी करून खिशात घातलं. दुसऱ्या दिवशी पत्रिका घेऊन आले. तिसरी भाकरी चार रुपयांना पडत होती. "चार रुपयांत हा माणूस उद्या परत येतो," ते म्हणाले. "एवढ्या स्वस्तात कुठला साहेब गिऱ्हाईक आणत नाही. चालू ठेवा. पण चार रुपये जातात हे माहीत असू द्या." हेच त्यांचं आवडतं पालुपद. खर्च करू नका असं ते कधी म्हणाले नाहीत. म्हणायचे, काय सोडताय ते माहीत असू द्या.

मग ते रोज येऊ लागले. आणि रोज काहीतरी वजा करू लागले.

पहिला बळी दादाचं मशीन. दादाने कुठल्याशा प्रदर्शनातून दीड लाखाला भाकरीचं यंत्र आणलं होतं. त्यातून निघणारी भाकरी एका बाजूने पापड आणि दुसऱ्या बाजूने पीठ असायची. एक खाडीवर भिरकावली तर पलीकडे गेली असती. तरी दादा रोज मशीन चालवायला लावायचा. "दीड लाख गेलेत, तायडे. वापरायला नको?" सरांनी त्याला शांतपणे विचारलं, "बाळासाहेब, मशीन चालवलं की ते दीड लाख परत येतात का?"

"नाही."

"नाही चालवलं की येतात?"

"नाही."

"मग ते गेले. गेलेल्या पैशाला बैठकीत बसवायचं नाही. तो उगाच मोठमोठ्याने बोलतो आणि जिवंत पैशाचं कोणी ऐकत नाही." मशीन भंगारात गेलं. आई त्या दिवशी इतकी खूश झाली की सरांना तिसरीच काय, सहावी भाकरी वाढली.

आता खरी गोष्ट. एके दिवशी सरांनी मला विचारलं, "म्हात्रे, महिन्याला काय सुटतं?"

मी छाती काढून सांगितलं, चाळीस हजार. दिवसाला साठ ताटं, ताटामागे सगळा माल-गॅस जाऊन पन्नास रुपये, महिन्याचे सव्वीस दिवस. त्यातून माणसांचे पगार आणि वीज अडतीस हजार. चाळीस उरतात.

"आणि भाडं?"

"भाडं कसलं, सर? गाळा आपलाच आहे."

सरांनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, आता कोणीतरी कापलं जाणार. ही चूक म्हणे आमच्या सगळ्या गावात आहे. जमिनी गेल्या, बदल्यात बिल्डिंगी आल्या, आणि आम्ही सगळे आपल्याच गाळ्यात फुकट धंदा करतो असं समजून मिशीला पीळ देतो. "गाळा तुमचा आहे, मान्य," सर म्हणाले. "पण दुसऱ्याला दिलात तर जे येईल, ते तुम्ही रोज सोडताय. ते कागदावर नाही, म्हणून ते नाही असं होत नाही. तुमची आणि आईंची मजुरीही कागदावर नाही."

मला ते इतकं आवडलं की मी त्याच दुपारी दादाला ऐकवलं. आयुष्यात माझ्या हातून बऱ्याच चुका झाल्या आहेत, पण हिला तोड नाही. कारण आठ दिवसांनी दादा एका चष्मेवाल्याला घेऊन उगवला. दुकान थाटायला रस्त्यावरचा गाळा हवा होता, महिना पंचेचाळीस हजार. "सॉलिड पार्टी आहे, तायडे. डिपॉझिट रोख. तुझेच सर म्हणतात ना, सोडतोय ते मोज? मोजलं मी. तुला सुटतात चाळीस, मिळतील पंचेचाळीस. म्हणजे तू पहाटेपासून राबतेस आणि वर पाच हजार स्वतःच्या खिशातून देतेस. घरी बस ना, टेन्शन काय आहे?"

गाळा दोघांच्या नावावर. त्यामुळे नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. आई चुलीपाशीच बसून होती. तिने एवढंच विचारलं, "मंग मी सकाळी उठून करू काय?" आईला पहाटे दिवाळ्याला जाऊन कोळणींशी भांडल्याशिवाय दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही. तिला घरी बसवणं म्हणजे होडी गच्चीवर बांधून ठेवण्यासारखं.

मी सरांकडे गेले. वाटलं, हा माणूस रोज इथे जेवतो, आपल्या बाजूने काहीतरी आकडे फिरवेल. सरांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी दादाच्याच मुलाच्या हळदीची पत्रिका टेबलावर उलटी ठेवली. "बाळासाहेब बरोबर आहेत," ते म्हणाले. "ही खानावळ, आज चालते तशी, बंद करायला हवी."

आईने विचारलं, "जेवून सांगताव का उपाशीपोटी, सर?"

"उपाशीपोटी, आई. जेवून सांगितलं असतं तर चुकलो असतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हात्रे, तुम्ही परत दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देताय. खानावळ ठेवायची की गाळा द्यायचा, हा प्रश्नच नाही. चष्मेवाल्याला काय हवंय? रस्त्यावरची काच. तुमच्या आईंना काय हवंय? मागची चूल. अडचण काय, तर सोळा खुर्च्या. त्या चष्मेवाल्याच्या जागेत बसल्यात."

पुढे त्यांनी जे मांडलं ते मी अजून तोंडपाठ म्हणून दाखवते, नातेवाईक कंटाळले तरी. पुढचा भाग चष्मेवाल्याला पस्तीस हजारांत. मागे गल्लीत दार असलेलं स्वयंपाकघर आपलं. खुर्च्या बंद, फक्त डबे. वाढपी नाहीत, एसी नाही, त्यामुळे ठरलेला खर्च बावीस हजारांवर येतो. पस्तिसातून बावीस गेले, तेरा उरले. पंचेचाळीसची बरोबरी करायला बत्तीस हजार कमी. एका डब्यामागे दिवसाला पन्नास, म्हणजे महिन्याला तेराशे. बत्तीस हजारांना तेराशेने भागा.

"पंचवीस," सर म्हणाले. "रोजचे पंचवीस डबे गेले की तुम्ही आणि बाळासाहेब सुटलात. सव्विसाव्यापासून तुमची मजुरी."

दादाने डोकं खाजवलं, कारण कागदावरचं त्याला नाकारता येईना. मग तो हुशारीने म्हणाला, "ठीक. दसऱ्यापर्यंत टाइम. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पंचवीस नसले तर मागचापण गाळा जाणार." सरांनी मान डोलावली. खुर्च्या विकल्या. वाढपी दोघंही चष्मेवाल्याने ठेवून घेतले, आणि ते आता गिऱ्हाइकाला चष्मा ताट वाढल्यासारखा पुढे सरकवतात.

डबे धडाक्यात सुरू झाले. पहिल्या पंधरवड्यात एकोणीस. आणि मग श्रावण लागला.

बंदराच्या काठावरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण सर पडले घाटावरचे आणि कारखान्यातले. रसायनाला श्रावण नसतो. आमच्या मासळीच्या डब्यांची संख्या एका रात्रीत चारवर आली. श्रावण, मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. दादाने दसरा का निवडला ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. घरी आम्ही सगळे बिरडं खात होतो, पण दादाच्या चेहऱ्यावर बांगडा खाल्ल्याचं समाधान होतं.

सर मात्र खरोखर खचले. स्वयंपाकघरात आले, पत्रिका काढली आणि स्वतःच्या आकड्यांखाली लाल पेनाने रेघ मारली. "हंगाम विसरलो, म्हात्रे. चाळीस वर्षं लोकांना शिकवलं." मी त्यांना तोपर्यंत कधी चुकताना बघितलं नव्हतं. आई भाकरी भाजत होती. तिने मागे न बघताच विचारलं, "भाजीच्या डब्यात काय उरतं, ते इचारा ना तुमच्या पत्रिकेला."

सरांनी विचारलं. वालाचं बिरडं, भाकरी, अळूचं फतफतं, एकशेवीसला डबा. माल-गॅस सत्तर. उरले पन्नास.

"पन्नासच," सर म्हणाले, आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मासा असो की वाल, उरतात पन्नासच. आई, तुम्ही माझ्या वर्गात असायला हव्या होतात."

"मना जिलेबीचा वास सोसत नाय," आई म्हणाली.

आईच्या बिरड्याने श्रावण तरला. मी सोसायट्यांच्या वॉचमनपासून ते बँकेतल्या मॅडमपर्यंत सगळ्यांच्या दारात गेले. सरांनीही आपला डबा लावला आणि पहिल्या दिवसापासून रोख पैसे दिले. शिवाय नियम लावला, की माझा डबा मोजा, पण मी आणखी एक विकत घेऊन कुणाला वाटणार नाही, तो खोटा आकडा होईल. मी तसं सुचवलं होतं, हे कबूल करते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चौघं स्वयंपाकघरात जमलो. नवरात्र संपलेलं. दादा नऊ दिवसांच्या उपासाचा सूड घ्यायला बसला होता. समोर तळलेले बोंबील, कोलंबीचं कालवण. खातखात त्याने वही पुढे ओढली आणि बोटाने मोजलं. मीही मोजलं. रात्रभर मोजत होते, तरी आकडा वाढत नव्हता.

"चोवीस," दादा म्हणाला. त्याला आनंद झाला नव्हता, हेही सांगायला हवं. "एक कमी, तायडे. मी काय करू सांग. शब्द म्हणजे शब्द."

आईने तवा खाली उतरवला. मला वाटलं होतं, सर वहीकडे बघतील. त्यांनी दादाच्या ताटाकडे बघितलं.

"बाळासाहेब, हे ताट रोजचं का?"

"म्हणजे काय? घरचं आहे."

"किती वर्षं?"

"दुकान चालू झाल्यापासून."

"बिल?"

दादाचा घास हातातच राहिला. "सर, मी भाऊ आहे हिचा."

"गाळा तुमचा होता, म्हणून भाडं नव्हतं. तुम्ही भाऊ आहात, म्हणून बिल नाही. एकच चूक आहे, बाळासाहेब, फक्त या वेळी ती बोंबील खातेय." सरांनी पत्रिका उलटी केली. "तुम्ही उद्यापासून पैसे दिलेत तर पंचवीस डबे झाले. नाही दिलेत आणि जेवण बंद केलंत, तर ताटाच्या माल-गॅसचे रोजचे एकशेतीस रुपये वाचले, म्हणजे अडीच डब्यांचं उरणं. तुम्ही कुठूनही गेलात तरी ही जिंकते. निवडा."

दादाने बोंबील खाल्ला. दुसरा खाल्ला. मग आईकडे बघून म्हणाला, "तिसरी भाकर फुकट आहे ना?"

"ती सगल्यांनाच," आई म्हणाली, आणि तवा पुन्हा चढवला.

तर असा दादा माझं पंचविसावं गिऱ्हाईक. महिन्याच्या एक तारखेला पैसे देतो आणि प्रत्येक वेळी असं करतो जणू मी त्याची किडनी काढतेय. पुढे डबे वाढले. आज सत्तरच्या आसपास जातात आणि चूल पुरत नाही.

खुर्च्या विकल्या तेव्हा आईने एक टेबल आणि दोन खुर्च्या विकू दिल्या नव्हत्या. सरांनी डबा घेऊन खोलीवर जाऊन एकटं जेवावं हे तिला पटत नव्हतं. "डबा घेवा, पन बसा हितंच," ती म्हणाली, आणि टेबल चुलीच्या बाजूला भिंतीला लावलं. डबे वाढले तसे सर तिथे बसून जेवता जेवता मला सांगायचे, "म्हात्रे, हे टेबल हलवा. इथे दुसरी शेगडी बसते. दिवसाला आठ डबे जास्त निघतील. आठ पन्नासे चारशे. तुम्ही रोज चारशे रुपयांचं टेबल वापरताय." मी म्हणायची, बघू. आई म्हणायची, "हलनार नाय." सर मान हलवायचे आणि भाकरी मोडायचे. हा संवाद आमच्यात इतक्या वेळा झाला असेल की त्यातून सोसायटीचं पाणीबिल भरता आलं असतं.

मग साताऱ्याला त्यांची बहीण एकटी पडली. तिचे गुडघे गेले होते. आठ दिवसांनी एका दुपारी जेवण झाल्यावर सर म्हणाले, "रविवारी निघतो." टेबलावर पत्रिका राहिली होती, ती मी नंतर उचलली. एका बाजूला 'इथे', दुसऱ्या बाजूला 'तिकडे'. खोलीभाडं, औषधं, बसभाडं, बहिणीच्या घरी ठेवावी लागणारी बाई, सगळं रुपयांत. 'इथे'च्या खाली शेवटची ओळ होती, 'तिसरी भाकरी'. पुढे चार रुपये लिहून खोडलेले होते. त्यापुढची जागा कोरी. कोरी जागा सोडल्याबद्दल याच माणसाने माझे पाच मार्क कापले होते.

दादा अधूनमधून म्हणतो, "आता तरी काढ ते टेबल, शेगडी टाक. सरच म्हणायचे ना?" म्हणायचे. मला तोंडपाठ आहे.

मागच्या महिन्यात सर पेन्शनच्या कामासाठी आले होते. न कळवता, मागच्या दाराने, हातात पिशवी. आईने हात धुवायला पाणी दिलं. सर खुर्ची ओढून बसले, टेबलावर हात फिरवला, भिंतीपर्यंत नजरेने मोजलं.

"म्हात्रे, हे अजून इथेच?"

"इथेच, सर."

"दिवसाला किती?"

"चारशे. मासळी महागली, म्हणून भाव वाढवले. आता चारशेचाळीस."

"माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"मग वाढा," ते म्हणाले.